दात मोडलेली कॅसेट

खालची वाडी, ता. पाटण
४ नोव्हेंबर २०२४

चि. विश्वजित,

गणपतीला आलास तवा चष्मा विसरून गेलास. त्याच्या आदल्या खेपेला मोबाईलची वायर विसरलास. आणि त्याच्याही आधी कधीतरी आजी विसरलास. चष्मा खिडकीत हाय, वायर फ्रिजवर हाय, आजी उंबऱ्यात बसलीय. येशील तवा तिन्ही घेऊन जा.

तुझं पत्र पोस्टातल्या अंकितानं हातात आणून दिलं. फोन करू नको म्हणून मीच सांगितलं हुतं. हितं रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर येते, आणि टाकीवर उभं राहून बोललं की आपल्या घरातलं साऱ्या वाडीला कळतं. पत्राचं बरं असतं. एकदा ऐकलं, न्हाई पटलं, परत वाचायला लावलं.

सांगते मी, लिहिते तुझी आई. पण मी 'हाय' म्हटलं की ही बाई 'आहे' लिहिते. तीस वर्षं बालवाडी चालवून हात शुद्ध झालाय तिचा. म्हणून एकेक ओळ परत वाचायला लावते. बोलले तसंच गेलं पाहिजे, न्हाईतर विशूला वाटायचं आजी शिकली.

तुमी पोरं परत जमून गाण्यांचा अल्बम काढताय, हे ऐकून बरं वाटलं. पोरं कसली, पंचेचाळिशीचे घोडे. तुमचं ते एकवीस मिनिटांचं गाणं मला अजून आठवतंय. त्या वर्षी हितं सोप्यात बसून तुमी कॅसेट लावली हुती. मी चुलीवर भात टाकला, भात शिजला, उतरला, वाढला, तरी गाणं आपलं चालूच. मधी वाटलं संपलं, म्हणून 'ग्वाड झालं' म्हणून उठले, तर परत सुरू! देवाची आरतीसुद्धा कुठंतरी थांबती रं.

आता खरं विचारायचं ते. बँड तिघांचा हुता. पत्रात तुझं नाव हाय, मिरजेच्या ऋषिराजचं हाय. तिसरं नाव सापडंना म्हणून तुझ्या आईला दोनदा वाचायला लावलं. रविराज कुठं हाय? माझ्या हातचं हुलग्याचं माडगं वाटीवर वाटी पिणारं पोरगं, ढोल वाजवताना डोळे मिटणारं. त्याच्याबिगर कसला बँड?

उत्तर लवकर लिही. शहाऐंशी झाली मला, मी काय पोस्टाची पेटी न्हाई कायम जाग्यावर राहायला.

तुझी आजी,
बनुबाई

*

सांगली
१२ नोव्हेंबर २०२४

ती. आजीस,
साष्टांग नमस्कार.

चष्म्याबद्दल माफी. हे पत्र जुन्या चष्म्यानं लिहितोय, म्हणून ओळी उतरणीला लागल्यात.

तू विचारलंस म्हणून नीट सांगतो. आमच्या बँडचं नाव होतं 'पूररेषा'. आमची गाणी ध्रुवपद, कडवं, परत ध्रुवपद अशी नसायची. एकच गाणं वीस-वीस मिनिटं चालायचं, मध्येच चाल बदलायची, सात मात्रांच्या ठेक्यातून अकरा मात्रांच्या ठेक्यात जायचं. तू भात लावलास ते गाणं 'चाळीस फूट'. तुमच्या कोयनेचं पाणी सुटलं की आमच्याकडं पुलावर फूट मोजतात, तसं ते गाणं हळूहळू चढत जायचं.

नवा अल्बम अर्धा जुना, अर्धा नवा आहे. जुन्या कार्यक्रमांचं जे रेकॉर्डिंग मिळालं ते टाळ्या-शिट्ट्यांसकट घेतलंय, आणि बाकीची गाणी ऋषिराजच्या मिरजेच्या स्टुडिओत आता नव्यानं वाजवतोय. बाविसाव्या वर्षीची बोटं आणि आताची बोटं शेजारी शेजारी ऐकू येतात, आजी. गंमत वाटते.

फक्त 'चाळीस फूट' नाही. ते गाणं एकदाच नीट जमलं, जानेवारी २००१ च्या कॉलेजच्या गॅदरिंगला. त्याची एकच कॅसेट होती. पुण्याच्या एका कंपनीच्या माणसाला ती ऐकवायची होती. मी आणि रविराज ती घेऊन तुझ्याकडं आलो आणि तिसऱ्या दिवशी कॅसेट गायब. ती रविराजच्या ताब्यात होती. त्याच महिन्यात पुण्याचा दुसरा बँड त्याला बोलवत होता, हे मला माहीत होतं. मी त्याला विचारलं, तू त्यांना दिलीस का? तो खाली बघत बसला. 'मी नाही दिली' एवढे तीन शब्दसुद्धा त्याच्या तोंडून निघाले नाहीत. मी नको ते बोललो. तिथंच बँड संपला. वर्षभरात मी गिटारही विकली. बाबांना बरंच वाटलं असेल. त्यांनी आयुष्यात माझ्या वाजवण्याबद्दल एकच प्रश्न विचारला होता, 'लग्नात वाजवणार काय?'

त्यामुळं रविराजचा विषय नको. पुण्याहून एक ड्रमर येतोय, 'चाळीस फूट' त्याच्याबरोबर नव्यानं करणार आहोत.

आईला सांग, वायर फ्रिजवर नको, तिथं गरम होते.

तुझा,
विशू

*

खालची वाडी
२१ नोव्हेंबर २०२४

चि. रविराज,

अक्षर वेगळं दिसलं म्हणून घाबरू नको. हे पोस्टातल्या अंकिताचं हाय. सून विजयमाला बाजाराला गेलीय, आणि मी काठी टेकत पोस्टात येऊन बसलीय. का, ते कळंल. अंकिताला शपथ घातलीय. ती म्हणते आजी, पोस्टात शपथ लागत न्हाई, तसाच नियम हाय. बरं झालं.

तू दर संक्रांतीला तिळगुळाचं पाकीट पाठवतोस, आत चिठ्ठी नसते. त्याच्यावरनं पत्ता काढला. चिठ्ठी का नसते तेही मला ठाऊक हाय. राग आला तरी तिळगूळ चुकवायचा न्हाई, असा तू.

आता ऐक. ती कॅसेट मी घेतली.

तुला म्हाईत हाय, विशूचा बाप लालासाहेब पलटणीत हुता तवा विजयमाला त्याला पत्रं लिहायची. माझं काय असलं तर मी तिला सांगायची, ती शेवटी चार ओळी घालायची. पण सुनेबद्दलच काय सांगायचं असलं तर ते सुनेच्याच हातनं कसं लिहायचं, सांग बरं? लालानं ते वळखलं आणि कँटीनमधनं टेप आणून दिला. तांबडं बटण आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही एकदम दाबायची आणि बोलायचं, एवढं मला शिकवलं. मग सुट्टी संपवून कोण जवान तिकडं निघाला की त्याच्या डब्यात लाडवाखाली माझी कॅसेट जायची. ते माझं पत्र.

त्या दिवशी पलीकडच्या वाडीतला जवान बाराच्या गाडीनं निघाला हुता. तुमी दोघं नदीवर. माझी कोरी कॅसेट सापडंना. टेपात एक हुती, तीच कोरी म्हणून बोलत सुटले. वर काय लिहिलंय ते मला कुठं वाचता येतंय? सांजच्याला तुमी घर उलथं-पालथं केलं तवा कळलं ती तुमची हुती. बोलले असते तर लालाकडनं ती परत मागवली असती, सगळ्यांनी बसून ऐकली असती, आणि सुनेची कागाळी सुनेनं ऐकली असती. मी गप्प बसले. वाटलं, पोरांचा खेळ, दुसरी करतील. तुमची दोस्ती त्या कॅसेटबरोबर जाईल हे मला कुठं ठाऊक?

आता विशूला सगळं सांगते आणि तुला बोलवायला लावते. त्याच्या आधी तुझी माफी मागायची हुती. कान पकडलेत. अंकिता साक्षीला हाय.

आजी

*

आटपाडी
२७ नोव्हेंबर २०२४

ती. आजींस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आजी, कान सोडा. दुखतील.

मला ठाऊक होतं. त्या दिवशी साबण विसरला म्हणून मी नदीवरून एकटाच परत आलो. तुम्ही दाराकडं पाठ करून टेपासमोर बसला होता. आधी वाटलं कुणाशी बोलताय. मग दोन-चार वाक्यं कानावर पडली आणि मी तसाच माघारी फिरलो. साबण न घेताच. विशूनं चिडवलंसुद्धा, दोनदा विसरला म्हणून.

काय ऐकलं ते लिहीत नाही. एक बाई आपल्या लेकाशी मन मोकळं करत होती, ते दुसऱ्यानं ऐकायचं नव्हतं. संध्याकाळी विशूनं विचारलं तेव्हा मी खरं बोललो असतो तर तुमच्या घरात तुमची आणि काकूंची काय गत झाली असती? आमच्या घरी एका वाक्यावरून आईनं आणि आजीनं सहा वर्षं अबोला धरलेला मी बघितलाय. दोघी एकाच चुलीवर स्वयंपाक करायच्या आणि मीठ मागायला मला मध्ये घालायच्या. म्हणून गप्प बसलो. माडगं प्यायलं होतं तुमचं.

तुमच्यावर राग नव्हता, अजून नाही. राग विशूवर आहे, आणि तो कॅसेटचा नाही. चार वर्षं एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो, आणि 'तू विकलीस' हे वाक्य त्याच्या तोंडातून एवढ्या सहज कसं निघालं? मी 'नाही' म्हणायची वाट बघत होता तो. मी वाट बघत होतो की त्यानं विचारूच नये.

म्हणून आजी, एक विनंती. त्याला अजून काही सांगू नका. कॅसेट सापडली, रविराज निर्दोष सुटला, आता बोलवा त्याला, असं बोलावणं मला नको. मी काय कोर्टात उभा नाही. बोलवायचंच असेल तर त्यानं कॅसेट सापडायच्या आधी बोलवावं. तसा आला तर मी ढोल बाहेर काढीन. नाहीतर डाळिंबाच्या बागेत मला भरपूर काम आहे.

थंडी सुरू झालीय. गुडघे झाका.

तुमचा,
रविराज

*

खालची वाडी
२ डिसेंबर २०२४

चि. विश्वजित,

पुण्याचा पोरगा आला का? कसं वाजवतोय? नीट वाजवत असंल तर पत्र बाजूला ठेव आणि चहा पी. नसंल तर पुढं वाच.

रविराजचा विषय नको म्हणून लिहिलंस. विषय तुझा न्हाई, माझा हाय, म्हणून काढते. समज, ती कॅसेट कधीच सापडणार न्हाई. कुणी नेली ते मेल्यावरसुद्धा कळणार न्हाई. आता सांग, रविराज तुझा कोण? कॅसेट असली तर दोस्त आणि नसली तर चोर, असं असतं व्हय?

तुझा बाप गेला त्याच्या तेराव्याला रविराज आला हुता. तू मांडवात हुतास, तुझं लक्ष न्हाई. तो गोठ्यापाशी उभा राहिला, जेवला न्हाई, बापाच्या फोटोला हात जोडून निघून गेला. मी बघितलं. एवढ्या लांबनं एस.टी. बदलत माणूस येतं ते काय कॅसेट विकून?

मला जास्त बोलता येत न्हाई. मी एरवी जास्त बोलते हे मला ठाऊक हाय. पण आत्ता येत न्हाई. तू ठरव.

आजी

(विशू, हे सांगताना आत्याबाई माझ्याकडं बघत नव्हत्या. मधे दहा मिनिटं नुसत्या काठीनं जमीन उकरत बसल्या. काहीतरी आहे. बाजाराच्या दिवशी त्या पोस्टात गेल्या होत्या म्हणे. मी विचारलेलं नाही. — आई)

*

सांगली
२१ डिसेंबर २०२४

ती. आजीस,
साष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, कारण तुझं पत्र खिशात घेऊन दोन आठवडे हिंडत होतो.

पुण्याचा पोरगा हुशार आहे. कानात यंत्र लावतो, ते टिकटिक करतं आणि तो एकसुद्धा मात्रा चुकत नाही. पण 'चाळीस फूट'मध्ये सात मात्रांचा ठेका सुरू होतो तिथं पाणी चढतच नाही, आजी. नळाखाली बादली भरल्यासारखं वाटतं. रविराजच्या गावात धनगरांच्या गजीच्या नाचाला ढोल वाजतो, त्यातून त्यानं तो ठेका आणला होता. त्यात माणूस एक पाय उचलतो आणि क्षणभर तसाच राहतो. ते थांबणं यंत्राला कुठून येणार?

गेल्या रविवारी गाडी काढली आणि आटपाडीला गेलो. तो बागेत छाटणी करत होता. केस निम्मे गेलेत, पोट आलंय. मला बघून म्हणाला, "चप्पल काढ, ठिबकच्या नळीवर पाय देशील." तेवीस वर्षांनी पहिलं वाक्य हे.

मी म्हटलं, "रव्या, माझ्याबरोबर वाजवशील का?"

तो म्हणाला, "आणि कॅसेट?"

"गेली ती गेली."

"कुणी नेली कळलं का?"

"न्हाई."

"मग मी नेली असंल तर?"

मी चप्पल काढून बाजूला ठेवली. मग म्हटलं, "नेली असशील तर नेली असशील. मला तू पाहिजेस. कॅसेटबद्दल मी त्या दिवशी विचारायलाच नको होतं."

त्यानं कात्री खिशात घातली. मग घरात हाक मारून दोन चहा सांगितले आणि मला म्हणाला, "साखर किती घेतोस आता? डायबेटीस झाला असंल तुला, तोंडावरनं दिसतंय." झालेला नाही. पण हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यानं बघितलं.

पुण्याच्या पोराला दुसरी दोन गाणी दिलीत. रविराज काल ढोल घेऊन मिरजेला आला. तू बरोबर होतीस. पण तुला एवढी खात्री कशी, ते मात्र कळलं नाही. त्याला विचारलं तर म्हणतो, "आजीलाच विचार."

तुझा,
विशू

*

खालची वाडी
२८ डिसेंबर २०२४

चि. विश्वजित आणि चि. रविराज, दोघांनाही,

एका पत्रात दोघांना लिहायची पाळी परत आली, बरं वाटलं.

विशू, तू विचारलंस म्हणून सांगते. कॅसेट मी घेतली हुती. तुझ्या बापाला बोलून पाठवायला. चुकून. कसं घडलं ते रविराजला ठाऊक हाय. त्यानं मला बोलताना बघितलं हुतं, आणि माझी अब्रू राखायला तेवीस वर्षं चोर ऱ्हायला. तू आटपाडीला जायच्या आधी तुला हे सांगू नको म्हणून त्यानंच मला बजावलं हुतं. आता रागव माझ्यावर. पण पाळीनं रागव, कारण तुझ्या आईची पाळी आधी हाय.

तुझ्या आईला परवा सांगितलं. म्हटलं, विजयमाला, लेखणी खाली ठेव, हे लिहायचं न्हाई, ऐकायचं हाय. माझ्या कॅसेटमधी तुझी कागाळी हाय. तिनं विचारलं, "काय बोललात?" मी म्हटलं, आता कुठं आठवतंय. खरं तर शब्दन् शब्द आठवतोय. शेगडीवरचं दूध उतू गेलं, दोघींनीबी बघितलं आणि दोघींनीबी उतरवलं न्हाई.

मग आमी लालाची काळी ट्रंक काढली. तो गेल्यापासनं उघडली नव्हती. किल्ली माझ्या कनवटीला असते, ती मी तिच्या हातात दिली. आत त्याचा गणवेश, डांबरगोळ्या, आणि खाली बिस्किटाच्या डब्यात माझ्या सगळ्या कॅसेटी. एकूणएक. पोरानं एक टाकली न्हाई. त्या वर्षी सुट्टीवर आला तवा मी त्याला म्हटलं हुतं, ती कॅसेट घरात कवाच लावू नको. तो नुसता हसला हुता. तुमच्या भांडणाचं त्याला ठाऊक नव्हतं, तू बापाशी बोलत कुठं हुतास?

तुमची कॅसेट वळखायला वेळ लागला न्हाई. तिच्यावर लालाच्या हातचं काहीतरी लिहिलंय. तुझ्या आईनं वाचलं, मला वाचून दाखवलं न्हाई, आणि आमटीत मीठ घालायचं ऱ्हायलंय म्हणून आत गेली. आमटी सकाळीच झाली हुती. अजून एक सांगते, कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन बारके दात मोडलेत. ट्रंकेत उंदीर शिरला असंल. आतली पट्टी खाल्ली नसंल तर नशीब.

घरातला टेप कधीच बंद पडलाय. म्हणून तुझी आई सोमवारी डोळे दाखवायला मिरजेला येतीय, ती कॅसेट घेऊन येईल. ऐकेल तवा तिच्याशेजारी बसा. मी हितं एकटी बसते.

आजी

(सगळं त्यांनी सांगितलं तसंच लिहिलंय. शुद्ध केलेलं नाही. — विजयमाला)

*

मिरज
८ जानेवारी २०२५

ती. आत्याबाईंस,
साष्टांग नमस्कार.

सत्तेचाळीस वर्षं तुमची पत्रं लिहिली. आज पहिल्यांदा तुम्हालाच लिहितेय. अंकिता वाचून दाखवेल. अंकिता, भराभर वाचू नकोस, त्यांना डाव्या कानानं कमी येतं.

ऋषिराजनं कॅसेट लावली. पोरं तिघंही जमिनीवर बसली, मला खुर्ची दिली. गाणं चालू झालं. मला त्यातलं काही कळत नाही, पण अकरा मिनिटं आमच्यापैकी कुणी हललं नाही. मग खट्ट असा आवाज झाला आणि तुम्ही बोलायला लागलात, "लाला, ऐकतोस ना रं?" त्यांचं नाव तसं कुणी उच्चारून तीन वर्षं झाली. विशूनं माझा हात धरला.

ऐकलं सगळं. मी भाकरीच्या कडा जाड ठेवते. मी चहात साखर सांडते. मी त्यांना चार पानं लिहिते आणि तुम्हाला दोनच वाचून दाखवते. हे तिसरं खरं आहे. पहिली दोन नाहीत.

आणि मग तुम्ही आवाज बारीक केलात. "पण लाला, ती सांजच्याला वैरणीचं निमित्त करून गोठ्यात जाती आणि तिथं रडती. मी सांगितलं म्हणून कळू देऊ नको. यंदा बेंदराला सुट्टी काढ. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी काढ."

ते त्या वर्षी बेंदराला आले होते, आत्याबाई. वीस दिवस होते. मला एवढी वर्षं वाटत होतं, माझ्या पत्रामुळं आले.

पुढं विशूचं. "पोराला पलटणीत ओढू नको. ह्या कॅसेटवर आधी काय वाजलंय ते ऐक, मग बोल. मला कळत न्हाई, पण उठून जावंसं वाटलं न्हाई." आत्याबाई, तुम्ही तर चुकून घेतली म्हणालात! रविराज हे ऐकून इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, "काकू, म्हातारीला सगळं ठाऊक हुतं. तिनं नातवाचं गाणं मुद्दाम बापाला पाठवलं."

मोडलेल्या दातांचंही कळलं. उंदीर नव्हता. ऋषिराजनं सांगितलं, कॅसेटचे ते दोन दात मोडले की तिच्यावर परत कुणालाच काही टेप करता येत नाही. आतलं कायमचं राहतं. बिस्किटाच्या डब्यातल्या बाकी सगळ्या कॅसेटींचे दात शाबूत आहेत. एकाच कॅसेटचे त्यांनी मोडले. आणि वर जे लिहिलंय, जे मी तुम्हाला त्या दिवशी वाचून दाखवलं नाही, कारण आवाज फुटला नसता, ते असं: "विशूचं गाणं. आईचं बोलणं. पुसू नये."

विशू उठून बाहेर गेला. आम्ही गेलो नाही मागं. रविराज मात्र थोड्या वेळानं गेला.

आता पोरांचं काम. 'चाळीस फूट' त्याच कॅसेटवरून घेणार आहेत. तुम्ही बोललात तिथं चार मिनिटांचं गाणं पुसलं गेलंय. तेवढी चार मिनिटं त्यांनी काल स्टुडिओत नव्यानं वाजवली, आणि पुढं परत जुन्या कॅसेटला जोडून टाळ्यांपर्यंत नेलं. जोड कुठं आहे ते मला ओळखता आलं नाही. पण तुमचा आवाज काढायला विशू तयार नाही. तो म्हणतो, बारीक करून ढोलाखाली ठेवायचा. तुमची परवानगी विचारलीय. माझी विचारली तेव्हा मी सांगितलं, भाकरीचं राहू दे, रडण्याचं काढा.

डोळ्यांत थेंब घातलेत, म्हणून अक्षर असं आलंय. थेंबांमुळंच.

तुमची सून,
विजयमाला

*

खालची वाडी
१५ जानेवारी २०२५

चि. विजयमाला, चि. विशू, चि. रविराज,

लिहिणारी अंकिता. दोनदा ऐकलं पत्र. दुसऱ्यांदा अंकिताच थांबली मधी, मी न्हाई.

कॅसेट कोरी हुती की भरलेली, हे आता मला आठवत न्हाई. शहाऐंशी झाली. कुणी जास्त विचारू नये. लालानं ऐकली की परत मागवायची असं ठरवलं हुतं, एवढं आठवतं. ती लाडवाच्या डब्यातनं इतक्या लांब जाईल आणि मला त्यापायी बोलायची लाज वाटंल, हे ठरवलं नव्हतं. माझ्या शहाणपणानं दोन पोरांची तेवीस वर्षं खाल्ली. ते मला कुणी बारीक करून ढोलाखाली घालून देणार न्हाई.

परवानगी दिली. माझा आवाज ठेवा. विजयमालानं सांगितलं तसंच करा, रडण्याचं काढा, ते आमचं दोघींचं हाय. भाकरीचं ठेवा, साऱ्या सांगलीला कळू दे. विजयमाला, तू गेल्यापासनं शेजारणीच्या पातळ कडांच्या भाकऱ्या खातेय. हातात धरली की मोडते. काय समजायचं ते समज आणि लवकर ये.

विशू, तुझ्या बापानं दात मोडले ते नीट बघून ठेव. त्याला बोलता येत नव्हतं. माझ्यासारखं तांबडं बटण त्याला कुणी शिकवलं न्हाई.

संक्रांतीचं पाकीट काल मिळालं. ह्या खेपेला आत चिठ्ठी हुती. अंकितानं वाचली, मी उशाखाली ठेवलीय, आणि काय हाय ते कुणाला सांगणार न्हाई.

आता महत्त्वाचं. रविराज, नवं हुलगं निघालं असंल तुमच्याकडं. दोन पायल्या पाठव, निवडून. पोस्टानं पाठवलंस तर अंकिता परत करणार हाय, तसं ठरलंय आमचं. विशूच्या हातनं पाठव. आणि तो पिशवी कुठंतरी एस.टी.त विसरेल, म्हणून तू तिच्यावर नजर ठेवायला संगं ये. माडग्याचं पातेलं मोठं काढून ठेवते.

आजी